धरण 'उणे' कसं होतं? आणि गाळ नेमका कुठे बसतो?



उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, 'उजनी उणे ५० टक्के'. मग वर्गात प्रश्न ठरलेला, "सर, पाणी शून्याच्या खाली कसं जाईल?"

भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातला साधारण ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा. ठरवून दिलेल्या किमान पातळीखालचा ६३.५ टीएमसी हा मृत साठा. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य, त्याखालचं पाणी वापरलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० च्याही खाली गेलं होतं.

आता गाळ. मृत साठ्यात गाळासाठी जागा धरलेली असते, असं आपण शिकवतो. मग मुलांना वाटतं, गाळ सगळा तळाशी जातो, वरच्या पाण्याला धक्का नाही. इथेच गडबड आहे. नदी धरणाच्या संथ पाण्यात शिरली की तिचा वेग मोडतो. जड वाळू आणि भरड कण तिथेच, म्हणजे भिंतीपासून लांब, फुगवट्याच्या वरच्या टोकाला बसतात. ती जागा बरीचशी उपयुक्त साठ्यातली! बारीक माती तेवढी भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे साठा दोन्हीकडून घटतो.

घरी करून बघा. लांबट ट्रे एका बाजूने थोडा उचला, अर्धा पाण्याने भरा आणि उथळ बाजूने वाळू-माती कालवलेलं पाणी हळूहळू ओता. वाळू कुठे थांबते ते मुलांनाच सांगू द्या. (ट्रे गॅलरीतच ठेवा, नाहीतर फरशी तुम्हालाच पुसावी लागेल.)

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. धरणावर मोजतात ती पाण्याची पातळी. त्या पातळीला पाणी किती, हे तक्त्यावरून काढतात. गाळ साचला तरी काठोकाठ भरल्याची पातळी तीच राहते. तक्ता जुना असेल तर कागदावर १०० टक्के, प्रत्यक्षात पाणी कमी. म्हणून फेरसर्वेक्षण लागतं. नाशिकची 'मेरी' ही संस्था उपग्रहचित्रांवरून वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरलंय ते मोजते आणि त्यावरून क्षमता काढते.

"मग गाळ काढत का नाहीत?" हा पुढचा प्रश्न येणारच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्याची योजना २०१७ पासून आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या लहान तलावांना ती छान लागू पडते, आणि तो गाळ शेतात सोन्यासारखा. पण उजनीसारख्या धरणाचं गणित मुलांनाच करायला द्या. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एका ट्रॉलीत ३ घनमीटर गाळ धरला, तर खेपा किती?

सुमारे ९४ लाख. म्हणून मोठ्या धरणात खरं काम वरच्या बाजूला, डोंगरउतारावर आणि शेताच्या बांधावर करावं लागतं, माती नदीत उतरायच्या आधी.