पूर्ण बिल भरलं, तरच कार्ड कामाचं

पगाराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट (ओडी) घेतलेला माणूस महिनाअखेरीला शिल्लक तपासतो आणि ती वजा दिसते. मग कुणीतरी सुचवतं, ‘क्रेडिट कार्ड घे, ओडीही कमी होईल आणि सिबिल स्कोअरही सुधारेल.’ सल्ला खरा आहे, पण एका अटीवर. ती अट न सांगताच तो दिला जातो, आणि त्यामुळे आधी एक कर्ज असलेल्यांच्या अंगावर दुसरं पडतं.

गैरसमज: बिलातली थोडी थकबाकी ठेवली, थोडं व्याज भरलं की स्कोअर वाढतो.

हे कुठून पसरलं कोण जाणे, पण यात लोकांचे पैसे जातात. तुम्ही किती व्याज भरलंत याचे गुण मिळत नाहीत. आपल्याकडे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार संस्था पतनोंद ठेवतात आणि ३०० ते ९०० मधला आकडा देतात. बँक त्यांना मुख्यतः कळवते ते असं: मर्यादा किती, वापरली किती, पैसे वेळेवर आले का, नसतील तर किती दिवस उशीर झाला. पूर्ण बिल भरणाऱ्याची नोंदही ‘वेळेवर’ अशीच होते. उलट थकबाकी जितकी जास्त, तितकी वापरलेली मर्यादा जास्त दिसते. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं हा नियम नाही, ठोकताळा आहे, पण पाळण्यासारखा.

गैरसमज: ‘किमान देय रक्कम’ भरली की व्याज लागत नाही.

किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड आणि थकबाकीदार हा शिक्का टळतो. व्याज चालूच राहतं. ४०,००० रुपयांच्या बिलावर २,००० भरले, तर उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २३९ रुपये लागतात. भरलेल्या दोन हजारांतले दीड हजार महिन्याभरात परत चढतात. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दूध-किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. वर्षाला ४० टक्क्यांच्या वरचे दर सर्रास दिसतात.

गैरसमज: कार्डावर एटीएममधून रोख काढावी आणि ओडी फेडून टाकावा.

हे कृपा करून करू नका. रोख काढल्यावर साधारण अडीच ते तीन टक्के शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून धावू लागतं. ओडीचा दर यापेक्षा बराच कमी असतो आणि त्याच्या व्याजावर जीएसटीही नसतो.

ओडीचा खर्च कमी करण्याची खरी वाट वेगळी आहे. ओडीचं व्याज रोज वापरलेल्या रकमेवर मोजलं जातं, म्हणून पैसे खात्यात जितके दिवस जास्त राहतील तितकं व्याज कमी. किराणा, वीजबिल, पेट्रोल हा नेहमीचाच २०,००० रुपयांचा खर्च कार्डावर टाकला, तर तेवढे पैसे आणखी महिनाभर खात्यात राहतात. १२ टक्क्यांच्या ओडीवर त्यातून सुमारे १९७ रुपये वाचतात. मात्र तेच २०,००० देय तारखेला भरले नाहीत, तर पुढच्या एकाच महिन्यात व्याज ७०० आणि जीएसटी १२६, म्हणजे ८२६ रुपये जातात. उशिराचा दंड वेगळाच. हे दोन आकडे शेजारी ठेवूनच निर्णय घ्या. देय तारीख पगारानंतर दोन-चार दिवसांनी येईल असं बघा. बिलाचं चक्र बदलून मागण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. आणि पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा, किमान रकमेचं नव्हे.

गैरसमज: कर्जच घेतलं नाही, म्हणजे स्कोअर उत्तम.

नोंदच नसेल तर उत्तम-वाईट ठरवायला काही नसतं. बचत खात्यातली शिल्लक आणि डेबिट कार्डाचा वापर या नोंदीत येत नाही. ज्यांना साधं कार्ड मिळत नाही, त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्यावं. ठेवीवर व्याज मिळत राहतं, मर्यादा ठेवीच्या आतच असते आणि नोंद इतर कार्डांसारखीच होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सुचवीन.

गैरसमज: आपणच आपला स्कोअर बघितला तर तो घसरतो.

मुळीच नाही. कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने केलेली चौकशी मोजली जाते, तुमची स्वतःची नाही. चारही संस्थांनी प्रत्येकाला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा नियम आहे. बँका १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरा दिवसांनी माहिती कळवू लागल्या, त्यामुळे फेडलेली थकबाकी पूर्वीपेक्षा लवकर उतरलेली दिसते. फेडलेलं कर्ज अहवालात चालूच दिसत असेल, तर संस्थेकडे किंवा बँकेकडे लेखी तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.