काही घडलेलं नसताना

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका शाळेत गेल्या वर्षी मोहल्ला कमिटीच्या बैठकीला बसलो होतो. बाकं तिसरीच्या मुलांची, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे पोटाशी आलेले. विषयपत्रिकेवर पहिला विषय 'येणारे सण आणि शांतता' असा होता. पण पाऊण तास बोलणं चाललं ते नळाच्या गढूळ पाण्यावर. एका आजोबांनी घरून बाटली भरूनच आणली होती. ती वर्गभर फिरली. मशिदीचे विश्वस्त, गणेश मंडळाचा खजिनदार, बीटवरचा हवालदार, सगळ्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. शांततेचा विषय निघाला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि तो दहा मिनिटांत आटोपला. नमाजाच्या वेळी मिरवणूक कोपऱ्यावर रेंगाळणार नाही, ढोल पुढच्या चौकात वाजतील, एवढंच ठरलं. एका बाटलीतलं पाणी पाहून एकत्र चिडलेल्या माणसांना दहा मिनिटं पुरली.

आपल्याकडे चळवळींचा इतिहास सांगतात तो मोर्चे, उपोषणं आणि लाठीमार यांचा. पण २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तो माणसं जमवूनच. १९४१मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाचा कणा म्हणजे रोज संध्याकाळी भरणारी शाखा. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची ताकद बाजारातल्या रोजच्या उठण्याबसण्यातून आली. काही घडलेलं नसताना माणसं नियमाने भेटत राहिली, तरच घडेल त्या दिवशी ती एकमेकांच्या कामी येतात, असं माझं ठाम मत आहे. त्याचा सर्वांत मोठा पुरावा भिवंडीत आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या गावाने सोसल्या. १९८८मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समित्या त्याआधीही असत, पण त्यांत बसत पुढारी आणि प्रतिष्ठित, आणि त्या जमत दंगल तोंडावर आली की. खोपड्यांनी समितीत आणली ती गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. बैठका ठरल्याप्रमाणे होत राहिल्या. घरगुती तंटे, पैशांच्या कुरबुरी तिथेच मिटू लागल्या. वस्तीतला पोलीस नावानिशी ओळखीचा झाला आणि पोलिसालाही वस्ती कळू लागली. ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पडली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईतल्या दंगलींत सुमारे ९०० माणसं मेली. तासा-दीड तासावरची भिवंडी मात्र शांत राहिली.

मुंबईच्या दंगलींच्या राखेतूनच पुढे तिथल्या मोहल्ला कमिट्या निघाल्या. पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी शांततेचं काम हाती घेतलं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी त्यांच्यावर २००३मध्ये 'नाता' हा माहितीपट केला. तो जमेल तिथे मिळवून पाहावा.

पण भिवंडीचा पुढचा अध्याय झाकून ठेवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जुलै २००६मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. जिथे हवालदार आणि वस्ती एका सतरंजीवर बसत होती, तिथेच हे घडलं. अधिकाऱ्याच्या पुढाकाराने उभं राहिलेलं काम त्याच्या बदलीनंतर कुणी चालवायचं, हा प्रश्न गावाने आणि सरकारनेही वेळीच सोडवायला हवा होता.

वरून कुणी न बोलावता टिकलेल्या भेटी पाहायच्या तर पुण्याकडे बघावं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर खून झाला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं दर महिन्याच्या २० तारखेला सकाळी त्या पुलावर जमत राहिले. तपास रखडला तरी जमले. मे २०२४मध्ये निकाल लागला, दोघांना जन्मठेप झाली आणि तिघं सुटले. न्यायाच्या एकाच मागणीसाठी इतकी वर्षं पहाटे उठून बाहेर पडणाऱ्या या माणसांपुढे माझी मान झुकते.

एक गोष्ट मला या सगळ्या बैठकांत सलत आली आहे. समतेवर बोलणाऱ्या खोलीत बायका दोन किंवा तीन. बैठक रात्री साडेआठला, म्हणजे नेमकी भाकऱ्या थापायच्या वेळी. त्या शाळेतल्या बैठकीत मागच्या बाकावरच्या एक ताई शेवटी हे बोलल्या. क्षणभर कुणाला उत्तर सुचलं नाही. मग निमंत्रकांनी वही पुन्हा उघडली, पुढची तारीख खोडली आणि रविवारी दुपारी तीनची वेळ लिहिली. मी त्या रविवारीही गेलो. अकरा बायका आल्या होत्या, काहींच्या कडेवर पोरं. पहिला विषय त्यांनीच मांडला. शाळेमागच्या बोळातला दिवा चार महिने बंद होता, आणि तिथून मुली क्लासला जातात.