'चार्ज' म्हणजे नक्की काय?

आजचा भाग ज्यांना वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा मजकूर.

आजचा शब्द आहे 'चार्ज'. फोन चार्ज होतो, बँक चार्ज लावते, नवे साहेब चार्ज घेतात आणि पोलीस चार्जशीट दाखल करतात. शाळेत मी हे अर्थ सुटे सुटे पाठ केले होते. पण मुळाशी गेलं की सगळे एका गाडीत बसतात. अक्षरशः गाडीत!

लॅटिनमध्ये 'कारुस' म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून क्रियापद झालं 'कारिकारे', म्हणजे गाडीत माल भरणं. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं आणि 'चार्ज' झालं. 'कार', 'कॅरी' आणि 'कार्गो' ही त्याचीच भावंडं.

म्हणजे चार्ज = ओझं. आता लावून बघा. खिशावर ओझं टाकलं की शुल्क. खांद्यावर टाकलं की जबाबदारी. बंदुकीत दारू भरली तर तोही चार्ज. १७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन विजेचे प्रयोग करत होता, तेव्हा वीज 'भरण्या'लाही हाच शब्द वापरला गेला. तुमच्या फोनपर्यंत तो असा पोचला.

गंमत म्हणजे मराठीनेही हेच केलंय. कार्यभार, प्रभारी, अधिभार, विद्युतभार. सगळीकडे 'भार' आहेच!

आता महत्त्वाचं. एखाद्यावर खुनाचा चार्ज लागला अशी बातमी येते आणि ग्रुपवर लगेच 'खुनी सापडला' असा फॉरवर्ड फिरतो. थांबा. चार्ज म्हणजे ओझं ठेवलंय, एवढंच. आपला 'आरोप' शब्दही तेच सांगतो. संस्कृतात त्याचा अर्थ वर ठेवणं, लादणं. पोलीस आरोपपत्र देतात, कोर्ट आरोप निश्चित करतं, मग खटला चालतो, साक्षीपुरावे होतात. ते ओझं खरंच त्या माणसाचं आहे का, हे निकालात कळतं. तोवर तो आरोपी असतो, गुन्हेगार नाही.

तसंच फ्री ट्रायलचं. 'आज चार्ज होणार नाही' असं लिहिलेलं असतं, तेव्हा 'आज' हा शब्द नीट वाचा. मुदत संपायच्या आत रद्द केलं नाहीत, तर ओझं तुमच्याच खात्यावर!

तर पुढच्या वेळी हा शब्द दिसला की एकच प्रश्न विचारा: ओझं कसलं, आणि कुणावर?

भेटू पुढच्या भागात.