कल्हईच्या भट्टीपाशी

कल्हईवाला आधी पातेलं घासतो. आत ओली वाळू आणि गोणपाटाचा तुकडा टाकतो, त्यात पाय रोवून उभा राहतो आणि भिंतीला धरून अर्ध्या गिरक्या घेत राहतो. मग जमिनीतल्या भट्टीवर पातेलं धरून भाता मारायचा.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की आंबटपणा तांबं ओढून घेतो आणि पदार्थ कळकतो. कथलाला मात्र असली सौम्य आम्लं फारसा त्रास देत नाहीत, म्हणून आतून कथलाचा थर.

पण तापलेल्या पितळेवर ऑक्साइडची पुटं चढतात. त्यांवर कथील बसत नाही, तेलकट ताटावरच्या पाण्यासारखे त्याचे मणी होतात. इथे नवसागर लागतो. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन, सगळे अधातू. चिमूटभर टाकताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. दुसरा वायू पुटं खाऊन टाकतो. वर निवताना दोघे पुन्हा एकत्र येतात, तोच तो नाकात झोंबणारा पांढरा धूर. ‘‘ताई, मागं सरा,’’ कल्हईवाला म्हणतो, पण नजर पातेल्यावरून हलत नाही. कथलाची कांडी टेकवली की ती वितळते, आणि कापसाच्या बोळ्याचा एक हात फिरला की पिवळ्या पितळेवर चांदीसारखी झळाळी धावत जाते. हे कितीही वेळा पाहावं!

आवर्तसारणीतला गण 14 इथे जवळजवळ सगळा हजर असतो. कोळशातला कार्बन अधातू, वाळूतला सिलिकॉन धातुसदृश, कथील धातू. जर्मेनियम मात्र नाही. एकाच उभ्या रांगेत खाली उतरताना अधातूचा धातू कसा होतो, ते फळ्यापेक्षा इथे मला जास्त पटतं. कथलाचे पाय तर दोन्हीकडे आहेत: साधारण 13 अंशांखाली दीर्घकाळ राहिलं तर ते करड्या भुकटीत बदलू शकतं, आणि त्या भुकटीतली अणूंची मांडणी सिलिकॉनसारखी असते.

कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये.

याच रांगेत कथलाखाली शिसं आहे. स्वस्त, तसंच मऊ, तसंच लवकर वितळणारं आणि विषारी. भेसळ त्याचीच होते. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कुरकुर असा आवाज येतो, आतल्या स्फटिकांचे भाग झटक्यात आरशातल्या प्रतिमेसारखे वळतात त्याचा. शिसं वाकताना गप्प असतं. कांडी भट्टीवर जाण्याआधी कानाशी वाकवून दाखवायला सांगावी.