टाचांच्या भेगा : ब्लेड नको, बिब्बा नको

दिवाळी आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली, की नांदगाव खंडेश्वरच्या माझ्या दवाखान्यात पाय दाखवणाऱ्यांची गर्दी वाढते. ‘डॉक्टरसाहेब, पायाले भेगा पडल्या,’ ही नेहमीची तक्रार.

मागच्या हिवाळ्यात पन्नाशीचे एक शेतकरी आले. टाचेची सोललेली कातडी त्यांनी ब्लेडने कापली होती आणि वरून बिब्बा लावला होता. जखम हाडापर्यंत गेली होती. ‘दुखत नव्हतं, म्हणून आलो नाही,’ असे ते म्हणाले. रक्त तपासले तेव्हा मधुमेह निघाला. टाच वाचली, पण तीन महिने शेताचे तोंड पाहता आले नाही.

तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी नसतात, फक्त घामाच्या असतात. थंड, कोरडी हवा, अनवाणी चालणे आणि वाढते वय यामुळे कातडी सुकते, जाड होते आणि वजन पडताच फाटते. मधुमेहात व कुष्ठरोगात नसा खराब होऊन घामही थांबतो आणि संवेदनाही जाते. अशा वेळी न दुखणारी भेग जास्त धोक्याची.

निरोगी माणसाने रात्री दहा-पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवावेत. मऊ झालेली कातडी वज्रीने हलकेच घासावी, रक्त येईपर्यंत नव्हे. पाय टिपून कोरडे करावेत आणि ओलसरपणा आहे तोवरच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावून सुती मोजे घालावेत. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल लावू नये. सुटलेली कातडी ओढू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, म्हणून तो टाळावाच.

मधुमेह असलेल्यांनी पाय भिजवत ठेवू नयेत, घासूही नयेत. धुऊन लगेच पुसावेत आणि मग व्हॅसलीन लावावे. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने किंवा घरच्या माणसाकडून पाहावे. कुरुपाची पट्टी स्वतःच्या मनाने लावू नये. रोज तळवे आरशात पाहावेत.

बेचक्यांत पांढरी, ओली, खाजरी कातडी म्हणजे बहुधा चिखल्या, म्हणजेच बुरशी. एकाच तळव्यावर खाज आणि पापुद्रे असतील तरी बुरशीची शंका घ्यावी. दुकानातून मागून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज दबते, पण बुरशी पसरते. जाड, चंदेरी पापुद्रे सोरायसिसचेही असू शकतात.

आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली तपोवनात कुष्ठरुग्णांच्या सेवेचे काम उभे केले. तेव्हा या रोगाची भीती मोठी होती. आज त्यावर खात्रीचे औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. म्हणून पायाला बधिरपणा किंवा अंगावर न दुखणारा, फिकट चट्टा असेल तर लपवू नका.

भेगेतून पू, दुर्गंधी, सूज, लाली, ताप, किंवा दोन आठवड्यांत आराम नसेल, तर घरगुती उपाय थांबवा. भेग खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

सकाळी तोंड आरशात पाहतो, तसे रात्री पायही पाहावेत. शेत, बाजार, घर सारे त्याच दोन पायांवर चालते.