तोंड उघडे ठेवून झोपणारे मूल

वुजू करताना आपण नाकात तीन वेळा पाणी घेतो. नाकाचा पुढचा भाग स्वच्छ होतो. आतली सफाई अल्लाहने नाकावरच सोपवली आहे. केस धूळ अडवतात, चिकट स्राव जंतू पकडतो, आत जाणारी हवा उबदार व ओलसर होते.

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला टॉन्सिलसारखी अ‍ॅडेनॉइड ही ग्रंथी असते. लहानपणी ती फार वाढली की नाक बंद होते. मूल तोंडाने श्वास घेते, घोरते. कानातून येणारी नळी तिथेच उघडते; ती तुंबली की पडद्यामागे पाणी साचते, ऐकू कमी येते.

अशा मुलांना वर्गात ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून मीही रागावले आहे. रागावण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत.