पदकाच्या कडेवरचे नाव

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्रापासून देवळालीची लष्करी छावणी फार दूर नाही. तेव्हा या पंचक्रोशीतील एखाद्या घरच्या जुन्या पेटीत युद्धपदक सापडले, तर ते सराफाकडे नेण्यापूर्वी त्याची कड भिंगाखाली अवश्य पाहावी. कारण पहिल्या महायुद्धानंतर हिंदी शिपायांना मिळालेल्या चांदीच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’वर आणि कांस्याच्या ‘व्हिक्टरी मेडल’वर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ही तेथेच उमटविलेली असत, आणि १९१५-१६ साली मेसोपोटेमियातील कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० किंवा ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींतील एखाद्या शिपायाचा वंशजांच्या हाती उरलेला एकमेव दाखला कित्येकदा तेवढाच असतो. फौजेबरोबरच्या हमाल-मजुरांना हेच वॉर मेडल कांस्याचे मिळे. सराफाच्या काट्यावर त्याला मोल नाही, माझ्या मते मात्र संग्राहकाने ते अधिक आदराने जपावे.

बेल्जमच्या पदकांची गोष्ट मात्र निराळी. ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी फौज बेल्जममध्ये ईप्रच्या रणभूमीवर उतरली होती. त्या देशाचे, पॉल द्यू ब्वा या शिल्पकाराने घडविलेले, १९१९ सालचे विजयपदक आपल्या व्हिक्टरी मेडलसारख्याच इंद्रधनुषी फितीवर लटकते, कारण ती फीत मित्रराष्ट्रांनी समाईक ठरविली होती. परंतु बेल्जमच्या पदकांवर नाव उमटविण्याचा प्रघात सहसा नसल्यामुळे, सोबतची सनद हरवली की ते कोणाच्या छातीवर होते, हे कळण्यास मार्ग उरत नाही. म्हणून पदक, फीत आणि कागद यांची ताटातूट करू नये; आणि पदक घासून चकचकीत तर मुळीच करू नये, कारण त्या घासण्यात कडेवरची अक्षरे झिजतात.